इडलीपात्रातली कुल्फी

कुत्र्यासाठी कुल्फी करताना स्वतःची जीभ इडलीपात्राला चिकटवून घेणारा माणूस अख्ख्या म्हैसूरमध्ये मी एकटाच असेन. अभिमानाने सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. पण साठी उलटल्यावर माणसाच्या नावावर एखादा तरी विक्रम असावा, आणि माझ्या हातून दुसरा कुठला होईल अशी लक्षणं नाहीत, म्हणून हा सांगून टाकतो.

कुत्रा खरं तर माझा नव्हता, बायकोचा होता. पिवळट रंगाचा, गावठी, एक कान उभा आणि दुसरा कायम रजेवर. भर पावसात आमच्या फाटकाशी कुडकुडत बसला होता, तो हिने उचलून वर आणला. त्याचं नाव इथे देत नाही, कारण आमच्या गोकुलम भागात त्याच नावाचे एक निवृत्त जज्जसाहेब राहतात. ते सकाळी फिरायला निघाले की हिने नेमकी त्याच वेळी गच्चीवरून कुत्र्याला हाक मारायची, असं कित्येक वर्षं चाललं. जज्जसाहेब सभ्य. दर वेळी वर बघून नमस्कार करायचे.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. नोकरीपायी इकडे आलो आणि राहिलो. हिने वर्षभरात भाजीवाल्यांशी बोलून बोलून कन्नड शिकून घेतली. मी ऑफिसात इंग्रजी, रिक्षावाल्याशी हिंदी आणि बाकी सगळ्यांशी बायको, एवढ्यावर वीस वर्षं काढली. आमच्या भागात योग शिकायला येणारी गोरी मंडळी पुष्कळ. चार महिन्यांत त्यांनाही माझ्यापेक्षा जास्त कन्नड येते. एकदा मला हवं ते पार्सल मिळेना, तेव्हा एका जर्मन बाईने मध्ये पडून माझ्यातर्फे हॉटेलवाल्याला समजावलं होतं. मी तिला इंग्रजीत धन्यवाद दिले. तिने मला कन्नडमध्ये "असू द्या" म्हटलं असावं. नक्की सांगता येत नाही.

कुत्र्याशी ही कन्नडच बोलायची. मी म्हणायचो, "अगं, मराठी माणसाच्या घरात राहतोय, मराठी शिकव की त्याला." तर म्हणायची, "तो इथला आहे. आपण बाहेरून आलोय. शिकायचं कोणी?" 'बा' म्हटलं की तो यायचा, 'कूत्को' म्हटलं की बसायचा, आणि 'बेडा' म्हटलं की तोंडातली चप्पल टाकून द्यायचा. मी "सोड! सोड ती चप्पल!" म्हणून ओरडलो की माझ्याकडे कुतूहलाने बघत चप्पल चावत राहायचा. चप्पल अर्थात माझीच असायची.

संक्रांत झाली आणि ही गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही. लिहायला बसलो की मला विनोद सुचतात, आणि तिथे ते नको आहेत.

मुलगी बेंगळुरूला असते. ती येऊन राहिली. पुढच्या खोलीत लॅपटॉप मांडून नोकरी करायची, मध्येच उठून भात टाकायची, कुत्र्याला खायला घालायची, त्याला फिरवून आणायची. मी पेपर वाचायचो. वाचून झाला की परत पहिल्या पानापासून वाचायचो. उगादीनंतर, म्हणजे पाडव्यानंतर, तिच्या ऑफिसने आता रोज यायलाच हवं म्हणून बजावलं. जाताना ती मला गॅस कसा बंद करायचा ते दाखवून गेली, आणि गाडीत बसल्यावर पुन्हा फोन करून तेच सांगितलं.

घरात मी आणि तो असे दोघे उरलो. त्या दिवशी दुपारी मी त्याच्या वाटीत दूध घातलं, त्यात पोळीचे तीन तुकडे टाकले आणि ठेवली समोर. तीनच का, ते सांगतो. ही स्वयंपाकघरात त्याची वाटी खाली ठेवायची, तेव्हा मी बाहेर पेपरात तोंड खुपसून बसलेला असायचो आणि मला रोज तिचा आवाज ऐकू यायचा, "तीन... तीन..." मोजून मापून देणारी बाई, बरोबर आहे, तीन तुकडे. कुत्र्याच्या आहाराविषयी माझं एकूण ज्ञान एवढंच होतं.

त्याने वाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत आली, पण वाटीला तोंड लावेना. मी म्हटलं, लाजत असेल, आणि आत गेलो. परत आलो तर दुधावर साय धरलेली, आणि हा तसाच बसलेला, परीक्षेला पेपर कोरा ठेवून बसलेल्या पोरासारखा.

असं रोज होऊ लागलं. मी भात घालून बघितला, अंडं घातलं, बाजारातून ते महागडं दाणेदार खाणं आणलं. वास चांगला येत होता म्हणून त्यातला एक दाणा मी खाऊनही बघितला. वाईट नव्हता, मीठ कमी होतं. कुत्रा ढिम्म हलेना.

बरं, तो उपाशी मरायलाही तयार नव्हता. खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण काकू राहतात. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या म्हैसूरमध्ये. त्यांची मराठी ऐकली की आपण वाक्याच्या सुरुवातीला साताऱ्यात असतो आणि शेवटी मंड्याला पोचतो. त्यांच्या दारात हा जायचा आणि त्या देतील ते मिटक्या मारत खायचा. मी वरून जिन्यातून बघायचो. नाचणीचा मुद्दा! ज्याला माझ्या अंड्याला शिवायला जड जात होतं, तो नाचणीचा गोळा गिळत होता.

"काय हो पुण्याचे," काकू वर बघून म्हणाल्या. महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी पुण्याचा. साताऱ्याचा आहे हे सांगणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. "जेवायला घालत नाही काय हो मुलाला?"

"घालतो हो काकू. तो खात नाही."

"सुम्ने, उगाच सांगता! खातो की हा. बघा, स्वल्प आणखी मागतोय."

आता यातून मी काय समजायचं? माझ्याच हातचं त्याला नको होतं, एवढाच अर्थ निघत होता. घरातला शेवटचा जिवंत प्राणी, आणि त्यानेही माझ्याविरुद्ध ठराव केला होता.

मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची. "बाबा, तो जेवला?"

"जेवला की. मस्त."

"दाखवा बघू. कॅमेरा फिरवा."

मी कॅमेरा फिरवला. तिला कुत्र्याच्या बरगड्या दिसल्या असाव्यात. ती म्हणाली, "बाबा, मी येत्या रविवारी येते. तो तुमच्या हातून खात नसेल तर मी त्याला घेऊन जाते. तुम्हालाही त्रास, त्यालाही त्रास."

"काकूंकडे खातो ना."

"काकू चालल्यात ना टी. नरसीपूरला, बहिणीकडे. मला सांगितलंय त्यांनी. मग?"

मी फोन ठेवला. कुत्रा दाराशी पडला होता. उन्हाने तापलेल्या फरशीवरून उठून तो सावलीतल्या फरशीवर गेला, आणि त्याच्या नखांचा टक टक आवाज झाला. रविवारनंतर हा आवाजसुद्धा घरात असणार नाही, हे मला एकदम स्पष्ट दिसलं. कुत्रा माझ्यावर प्रेम करत नव्हता, हे मान्य. पण चालायचा तरी.

मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून, दात बघून सांगितलं, "तब्येत चांगली आहे. थोडा वाळलाय. ऊन आहे, घरातलं माणूस गेलंय, होतं असं. काहीतरी थंड करून बघा. फळं कुस्करायची, साधं दही घालायचं आणि फ्रीजरमध्ये गोठवायचं. पपई, कलिंगड, केळं, काहीही चालेल. बिया तेवढ्या काढा. साखर नको. आणि द्राक्षं, बेदाणे अजिबात नकोत, कुत्र्याला ते विष आहे."

म्हणजे फळांची कुल्फी. मला एकदम हुरूप आला. आयुष्यभर कारखान्यात तपासणी खात्यात होतो. दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोड्या काढायच्या एवढंच केलेलं. आता स्वतः माल काढायचा होता.

कोपऱ्यावर फळांची गाडी लावणारी एक बाई आहे. आजवर हीच तिच्याकडून फळं आणायची. मी गाडीपुढे उभा राहिलो आणि शुद्ध मराठीत म्हणालो, "केळी."

ती बाई हातातलं काम थांबवून म्हणाली, "हेळी, सार."

मला वाटलं, हिचा उच्चार तसा असेल. मी मान हलवली. "हां. केळी."

"हेळी, हेळी." तिने पदर सावरला, तराजू खाली ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"केळी, केळी!"

"हेळी, सार!" आता तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसू लागली होती. शेजारचा नारळवालाही वळून बघू लागला.

शेवटी मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीला दया आली. तिने इंग्रजीत खुलासा केला. कन्नडमध्ये 'केळी' म्हणजे 'ऐका'. आणि 'हेळी' म्हणजे 'सांगा'. मी मघापासून भर रस्त्यात त्या बाईला ऐका, ऐका म्हणत होतो, आणि ती बिचारी सगळी कामं सोडून, सांगा साहेब, सांगा, म्हणत उभी होती. फळाला इथे बाळेहण्णु म्हणतात.

सगळे हसले, मीही हसलो. बाईने डझनभर बाळेहण्णु बांधून दिली, पपई निवडून दिली. पण घरी येताना मला राहून राहून वाटत होतं की तीन महिन्यांत इतकं मन लावून माझं ऐकायला कोणी उभं राहिलं नव्हतं. ती मुलगी मध्ये पडली नसती तर कदाचित मी काहीतरी सांगितलंही असतं.

कुल्फीचे साचे घरात नव्हते. बर्फाचा ट्रे होता, तो फुटका. मग डोक्यात आलं, इडलीपात्र! गोल, उथळ, बरोब्बर घासाएवढे खळगे. पपई आणि केळं मिक्सरमधून काढलं, दही घातलं, आणि पात्राच्या तबकड्यांत ओतून तबकड्या फ्रीजरमध्ये सरकवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाहेर काढली. वरून पांढरं दव धरलेलं, मध्ये केशरी गोल चकत्या. इतका सुंदर माल मी नोकरीत कधी पास केला नव्हता. आता तपासणी खात्याचा माणूस चव घेतल्याशिवाय माल बाहेर सोडेल काय? मी तबकडी तोंडाजवळ नेली आणि चाटली.

चव चांगली होती, एवढंच कळलं. पुढचं सगळं पात्राच्या काठाने ठरवलं. जीभ धातूला अशी बसली की जणू वेल्डिंग केलं. ओढून बघितली तर डोळ्यांपुढे काजवे. तबकडी दोन्ही हातांनी धरून मी स्वयंपाकघरात उभा, आणि नेमकी तेव्हा बेल वाजली. गावाला निघालेल्या काकू किल्ली द्यायला वर आल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं, त्या आतच आल्या.

"अय्यो! काय झालं हो?"

"आं आं आं," मी म्हणालो.

"बोलता येईना? अय्यो देवा! लकवा काय हो? हात वर करा बघू दोन्ही! हसा बघू!"

मी हात वर केले तर तबकडीचं सगळं वजन जिभेवर आलं. मी किंचाळलो, तेव्हा कुठे त्यांचं लक्ष माझ्या तोंडाला लोंबणाऱ्या वस्तूकडे गेलं. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून नीट बघितलं.

"इडली पात्र चाटताय?"

"आं."

"बायको गेली म्हणून भांडी चाटायची वेळ आली काय हो पुण्याचे? मला सांगायचं, डबा दिला असता की!" असं म्हणत त्यांनीच गॅस पेटवला, पाणी कोमट केलं, आणि फुलपात्राने माझ्या जिभेवर सोडलं. जीभ सुटली. कुत्रा दारात बसून हे सगळं बघत होता. त्याचा उभा कान उभाच होता आणि रजेवरचाही अर्धा वर आला होता. त्या महिन्यात त्याने माझ्यात दाखवलेला हा पहिला रस.

काकू टी. नरसीपूरला गेल्या. खालचं घर बंद झालं. मी तबकडी पाण्यावर धरून चकत्या सोडवल्या, तीन वाटीत ठेवल्या आणि समोर नेल्या. पुन्हा तेच. वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, लाळ गळाली. चकत्या हळूहळू विरघळून एक झाल्या, आणि वाटीत केशरी तळं साचलं. काकूही नव्हत्या. आता तो खरोखरच उपाशी होता.

मी त्याच्यासमोर फरशीवर बसलो. त्याला समजावून सांगितलं की रविवार जवळ येतोय. तिकडे बेंगळुरूला दहाव्या मजल्यावर फ्लॅट आहे, गच्ची नाही, जज्जसाहेब नाहीत. मराठीत सांगितलं, मग हिंदीत सांगितलं. शेवटी मला येणारा एकच नवा कन्नड शब्द वापरला, "केळी! अरे केळी!" त्याने ऐकून घेतलं. खाल्लं मात्र नाही. मी ते विरघळलेलं प्यायलो, कारण टाकवेना. माझं त्या दुपारचं जेवण तेच झालं.

दुसऱ्या दिवशी कलिंगडाचा घाणा काढला. या वेळी दही घालायला विसरलो, त्यामुळे चकत्या दगड झाल्या आणि निघेनात. जिभेच्या अनुभवाने शहाणा झाल्यामुळे मी तबकडी फडक्यात धरली, फरशीवरच्या वाटीवर उलटी केली आणि वाकून नारळ फोडतात तशा आवेशाने लाटण्याने ठोकू लागलो. एकेक चकती सुटेल तशी स्वतःलाच शाबासकी देत होतो.

"एक!" ठक्क. वाटीत पडली.

"दोन!" ठक्क.

तिसरी हट्टी होती. चार वेळा ठोकली, पाचव्यांदा सुटली. "तीन नं!" मी ओरडलो.

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कुत्र्याचं डोकं वाटीत होतं. कडाकडा फोडून त्याने तिन्ही चकत्या खाल्ल्या, वाटी फरशीवर ढकलत भिंतीपर्यंत नेली आणि कोपऱ्यात चाटत बसला.

मी लाटणं हातात घेऊन तसाच उभा. मग तपासणी खातं जागं झालं. न मोजता तीन चकत्या ठेवल्या: खाईना. "एक, दोन" म्हणून थांबलो: खाईना, पण शेपटी हलली. "तीन" म्हटलं: फस्त. पोळीचे तुकडे ठेवून तेच केलं. पोळीही गेली. निष्कर्ष उघड होता. या कुत्र्याला तीनपर्यंत आकडे येत होते! तेही मराठीत! हिने गुपचूप शिकवलेलं, आणि मला आयुष्यभर ऐकवलं की कुत्रा इथला आहे.

मी हे दूधवाल्याला सांगितलं. जज्जसाहेबांना फाटकावर थांबवून सांगितलं. त्यांनी सवयीने नमस्कार केला. साताऱ्याला थोरल्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "तीनपर्यंत येतात? मग तुझ्यापेक्षा पुढे आहे. तुझी गाडी पाढ्यात दोनवरच अडायची." मुलीलाही सांगितलं. ती नुसती म्हणाली, "बाबा, गेल्या आठवड्यातही तुम्ही 'मस्त खातो' म्हणाला होतात. मी येऊन डोळ्यांनी बघते."

शनिवारी संध्याकाळी काकू परत आल्या. किल्ली द्यायला गेलो तो कुत्रा आणि वाटी घेऊनच. "काकू, गंमत बघा," म्हटलं, आणि अंगणात प्रयोग लावला. एक, दोन, तीन. कुत्र्याने आंब्याची चकती मटकावली. मी जादूगारासारखे हात पसरले.

काकू पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"अहो, तीन नव्हे हो! तिन्नु! तिन्नु म्हणजे खा. तुमची बायको 'तिन्नु' म्हणायची. मीसुद्धा तेच म्हणते की मुद्दा देताना. रस्त्यावर कोणी काहीबाही घालतात हो कुत्र्यांना, म्हणून शिकवलं तिने. तिन्नु म्हटल्याबिगर कशाला तोंड लावायचं नाही. इथेच, या पायरीवर शिकवलं. महिना लागला. तुमच्या घरात रोज म्हणायची की! मुलगीही म्हणते, तिला वाटलं असेल तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

"आलं," मी म्हणालो. "मला तीन ऐकू आलं."

काकू हसायच्या थांबल्या.

म्हणजे तो इतके दिवस माझ्याविरुद्ध काही करत नव्हता. वाटी समोर होती, भूक होती, आणि कोणीतरी खा म्हणायची वाट बघत तो बसून होता. मी रोज वाटी ठेवून, लाजत असेल म्हणून आत निघून जात होतो.

वर आलो आणि चहा टाकला. साखरेचा चमचा हातात घेतला तेव्हा आणखी एक गोष्ट आठवली. रविवारी सकाळचा चहा मी करायचो. तिच्या कपात साखर घालताना ती मध्येच म्हणायची, "साकु, साकु." इथे राहून तिच्या बोलण्यात असे शब्द यायचेच. मी ते 'साखर, साखर' असं ऐकायचो आणि आणखी अर्धा चमचा टाकायचो. गॅस बंद न करताच खाली गेलो आणि काकूंना विचारलं, साकु म्हणजे काय हो. त्या म्हणाल्या, "पुरे." वीस वर्षं ती बाई पाकासारखा चहा प्यायली, आणि बोलली नाही. किंवा बोलली असेल.

रविवारी मुलगी आली. गाडीच्या मागच्या सीटवर जुनी चादर अंथरून आणली होती. ती कुत्र्यासाठी, हे उघड होतं. मी मात्र तयारीत होतो. पपईच्या चकत्या काढल्या होत्या, आणि काकूंकडून शब्द घोटून घेतला होता. आता मोजणं बंद, अस्सल कन्नड. वाटी ठेवली. मुलगी हाताची घडी घालून ओट्याला टेकून उभी राहिली. मी घसा साफ केला आणि मुलाखतीला गेल्यासारख्या आवाजात म्हणालो, "तिन्नि."

कुत्रा बसून राहिला.

"बाबा, तिन्नि काय? ते मोठ्या माणसांना म्हणतात. 'आपण ग्रहण करावं' म्हणताय तुम्ही त्याला."

"तिनी... तिन्ने..." मला घाम फुटला. शब्द जितका जपून उच्चारू तितका हातातून निसटत होता. कुत्रा एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत होता. ती खाली वाकली. आता ती स्वतः तो शब्द म्हणणार, तो खाणार आणि संपलं, हे मला कळलं. मी लाटणं उचललं आणि ओट्यावर ठोकलं.

"एक!"

कुत्रा उठून उभा राहिला. मुलगी दचकून सरळ झाली.

"दोन!"

शेपटी फिरू लागली.

"तीन नं!"

आणि तो तुटून पडला. पपईचे शिंतोडे तिच्या पांढऱ्या सलवारीवर उडाले. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. वाटी भिंतीला लागल्याचा आवाज आला, मग चाटण्याचा.

"आई मोजायची नाही," ती सलवार पुसत म्हणाली.

"माहितेय. मी मोजतो."

तिने आणखी एक चकती मागितली, मला वाटलं त्याच्यासाठी. तर स्वतःच तोंडात टाकली. "साखर घाला की बाबा जरा."

"कुत्र्यांना चालत नाही."

संध्याकाळी ती गेली. मागच्या सीटवरची चादर तिने घडी करून डिकीत टाकली होती. त्याने फाटकापर्यंत जाऊन गाडी बघितली, आणि टक टक करत जिना चढून परत वर आला.

आता मला 'तिन्नु' नीट म्हणता येतं. फळवाली बाई मला बघून लांबूनच "केळी, सार!" म्हणते आणि स्वतःच हसते. गंमत अशी की नुसतं 'तिन्नु' आता त्याला पुरत नाही. तो बघत राहतो, आधीचे एक आणि दोन कुठे गेले म्हणून.

दुपारी मी दहीभात घेऊन बसतो. तो समोर येऊन बसतो. घरात आवाज नसतो. मला 'जेवा' असं कोणी म्हणत नाही, त्यामुळे घास पुष्कळदा हातातच राहतो. मग मीच मोजतो. एक, दोन, आणि तीन म्हटलं की त्याला वाटतं त्यालाच सांगितलं. त्यामुळे माझा पहिला घास रोज त्याच्या पोटात जातो. दुसऱ्यापासून मी जेवतो.